एंट्री कोणी केली

१८ नोव्हेंबर २००२, सोमवार

काम मिळालं. सिल्व्हर पार्कमधल्या डॉ. कपासींच्या लॅबचं. रक्ताच्या, लघवीच्या तपासण्यांचे रिपोर्ट आजवर त्यांची बायको हंसाबेन हाताने लिहायची. तिचा एक आणि तिचा सात यांच्यात मला तरी फरक दिसला नाही. आता रिपोर्ट कॉम्प्युटरवर छापून हवेत.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न : "आपके साथ कोई इंजिनियर आएगा ना?"

मी म्हटलं, "इंजिनियर वगैरे कोणी नाही. मीच करते."

ते हसले. मी हसले नाही. माझा टायपिंगचा क्लास बंद पडला तेव्हा चौदा टाइपरायटर भंगारवाल्याने हातगाडीवर नेले. त्याच आठवड्यात मी कॉम्प्युटर आणला आणि व्हिज्युअल बेसिकचं उशीएवढं पुस्तक. इथे भाईंदरला, इंद्रलोकमध्ये आमच्याच बिल्डिंगीत तीन इंजिनियर पोरगे आहेत. तिघेही एका बोटाने टाइप करतात, कोंबडी दाणे टिपते तसे.

डॉक्टरांची एक अट मात्र मला पटली. प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी तो कोणी टाइप केला त्याचं नाव आलं पाहिजे. "कल को गडबड हुई, तो किसको पकडना है, मालूम होना चाहिए." बरोबर आहे. माणसं एरवी कशात नसली तरी दुसऱ्यावर ढकलण्यात पटाईत असतात.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

नावाचं कोडं सुटलं. दोन दिवस गेले.

सोपा रस्ता होता : रिपोर्ट टाइप करणाऱ्याला तिथेच नाव विचारायचं. पण मग तो काय वाटेल ते नाव घालेल. मी त्याला विचारणारच नाही. सकाळी मशीन सुरू करताना जो-तो आपलं नाव आणि पासवर्ड देतो, ते विंडोज लक्षात ठेवतं. माझा प्रोग्राम गुपचूप विंडोजलाच विचारेल, की बाबा रे, आत्ता कोण बसलंय? आणि उत्तर येईल ते छापेल. माणसाला मध्ये बोलायला जागाच नाही.

पहिल्यांदा नाव आलं ते पुढे एक बारीक चौकोन घेऊन आलं. विंडोज नाव देतं ते एका लांबलचक रिकाम्या पट्टीत घालून देतं आणि नाव संपलं तिथे न दिसणारं एक अक्षर ठेवतं. ते कापावं लागतं. पुस्तकात हे लिहिलेलं नाही. पुस्तक लिहिणाऱ्यांना पगार कसला मिळतो कोण जाणे. चौकोन गेला, नुसतं 'shubhada' उरलं, तेव्हा मी ह्यांना स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवलं. हे म्हणाले, "तुझं नाव तुलाच दाखवतंय?" हे चौतीस वर्षं कंपनीत स्टोअर सांभाळतायत. त्यांच्याकडून याहून जास्तीची अपेक्षा नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आज प्रोग्राम लॅबमध्ये बसवला. काउंटरवर एकच मशीन, तेही विंडोज ९८. डॉक्टर तिथेही काटकसर करतात. तिघांची नावं घातली : कपासी, हंसा, बर्नडेट.

बर्नडेट ही तिथली टेक्निशियन. समुद्रकाठच्या उत्तनची आहे. रक्त काढते, मशीनवर तपासते, आकडे एका जाड रजिस्टरात लिहिते. तिने पासवर्ड तीन वेळा विचारून घेतला आणि कुठे लिहून ठेवू नका म्हटल्यावर मान डोलावली. अशी माणसं हमखास लिहून ठेवतात.

हंसाबेन म्हणजे वेगळंच प्रकरण. हातात चार अंगठ्या. मशीनने काहीही विचारलं, की तिची अंगठी कीबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या बटणावर टक् करून वाजते आणि समोरचा प्रश्न गायब होतो. सगळ्या संसारात तिची हीच पद्धत असावी.

बर्नडेटने टाइप केलेल्या रिपोर्टवर नाव झकास आलं. मग डॉक्टर म्हणाले, आता हंसा करून बघेल. मशीन पुन्हा सुरू केली, तिने अर्ध्या तासात चार ओळी टाइप केल्या, छापल्या, आणि तळाशी नुसतं 'एंट्री :' आणि पुढे काही नाही. डॉक्टरांनी कागद माझ्यासमोर धरला. "नाम कहाँ है?" बाहेर बाकड्यावर सहा पेशंट बसले होते, त्यांनीही वळून पाहिलं.

मी म्हटलं, दहा मिनिटं द्या. आणि दहा मिनिटांत केलंच. एक ओळ घातली : नाव रिकामं आलं, तर याआधी जे शेवटचं नाव आलं होतं तेच छाप. मशीन कधी कधी अडखळते, तिला आधार दिला एवढंच. रिकामं का आलं ते निवांत बघू. डॉक्टरांनी पुन्हा छापून पाहिलं, नाव आलं. कोणाचं आलं ते बघण्याआधीच हंसाबेनने चहा आणला.

११ डिसेंबर, बुधवार

रिपोर्टचा डावा समास सरकवायला लॅबमध्ये गेले. निघताना बर्नडेट जिन्यापर्यंत मागे आली.

"मॅडम, एक विचारू? जो कागद मी टाइप केला न्हाय, त्याच्यावर पण माझा नाव येतंय."

मी विचारलं, "कुठला कागद?"

"असा आता दाखवता न्हाय येनार. कागद पेशंट घेऊन जातात. पण मी बघितलंय. दोनवेला."

मी तिला समजावून सांगितलं, की हे नाव प्रोग्राम ठरवत नाही, विंडोज देतं. तुम्ही काम संपल्यावर मशीन तशीच सोडून जात असाल तर दुसऱ्याचं काम तुमच्या नावावर जाणारच. तेव्हा उठताना बंद करत जा. ती म्हणाली, "मी बंद करूनच जाते." मी म्हटलं, मग येणार नाही. मला समोरची बस पकडायची होती.

टेक्निशियन लोकांना आपल्या हातून काही होतं हे कबूलच नसतं.

२० जानेवारी २००३, सोमवार

आज लॅबमधून फोन आला, ताबडतोब या. गेले तर काउंटरसमोर एक तिशीचा माणूस ओरडत होता. विठू त्याचं नाव, वरसाव्याचा, टेंपो चालवतो. त्याच्या वडिलांचा, धर्माजींचा, २३ डिसेंबरचा रिपोर्ट त्याच्या हातात होता. उपाशीपोटीची साखर ९२.

म्हाताऱ्याच्या पायाला खिळा लागला होता. साखर ठीक आहे म्हणून गावच्या डॉक्टरने गोळ्या बंद केल्या, जखमेवर साधं मलम दिलं. जखम काळी पडली. मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा साखर चारशेवर होती. उजव्या पायाची दोन बोटं कापली.

डॉक्टरांनी बर्नडेटचं रजिस्टर काढलं. त्यात तिच्या अक्षरात स्वच्छ लिहिलेलं होतं : २९२. म्हणजे तपासणी बरोबर, टायपिंगमध्ये पहिला दोन गळला. आणि रिपोर्टच्या तळाशी : एंट्री : bernadette, वेळ ४.४०.

बर्नडेट म्हणाली, "मी त्या दिवशी एक वाजता घरी गेलते. नाताळची तयारी होती. हंसाबेनला सांगून गेलते."

हंसाबेन म्हणाली, "मेरेको कुछ याद नहीं, भाई. इतने दिन हो गए."

डॉक्टर माझ्याकडे वळले. सगळेच वळले. "शुभदाबेन, ये नाम गलत आ सकता है?"

मी म्हटलं, "नाही. नाव माणूस घालतच नाही. मशीन स्वतः घेते."

"कोई दुसरा उसके नाम से?"

"तिने पासवर्ड दिला असेल तरच."

बर्नडेट म्हणाली, "मी कोनाला दिला न्हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, मी तुम्हाला बोललेते."

मी म्हटलं, "मशीनला खोटं बोलून काय मिळणार आहे?"

हे वाक्य सगळ्यांना पटलं. विठूनेही ओरडणं थांबवलं आणि तिचं पूर्ण नाव एका चिठ्ठीवर लिहून घेतलं, पोलिसांत द्यायला. बर्नडेटने पांढरा कोट काढला, घडी घालून काउंटरवर ठेवला आणि चपला घालून निघून गेली. अकरा वर्षं होती म्हणे तिथे.

माझ्या प्रोग्रामने आपलं काम चोख केलं. मला बरं वाटायला हवं. वाटतंयही.

२३ जानेवारी, गुरुवार

जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "ती म्हणते ना मी घरी गेले, मग एकदा बघ तरी."

"काय बघू? कोडमध्ये ती घरी गेल्याचं लिहिलंय?"

"आमच्या स्टोअरमध्ये पण माल कमी आला की आम्ही आधी काटा तपासतो, मग माणूस."

काटा आणि प्रोग्राम यांतला फरक ह्यांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पाण्यावरून आठवलं, आज पाण्याचा दिवस असून चौथ्या मजल्यावर पाणी चढलं नाही. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो मोटर चांगली आहे. त्यालाही काही तपासायचं नसतं.

२ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टर कपासींचा फोन. ते आणखी दोन ठिकाणी शाखा काढतायत, एक इथेच इंद्रलोकजवळ, एक भाईंदर पश्चिमेला. दोन्हीकडे माझाच प्रोग्राम. आणि त्यांच्या ओळखीच्या एका हॉस्पिटललाही दाखवायचाय. "आपका सॉफ्टवेअर तो कोर्ट में भी चलेगा," म्हणाले. पहिल्यांदाच 'मॅडम' म्हणाले. आता इंजिनियर कोण, हे विचारत नाहीत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी शेजारची मंदा आली. तिला चक्कर येते म्हणून हिमोग्लोबिन तपासलंय, रिपोर्ट मला दाखवायला आणला. मी काय डॉक्टर आहे? पण कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या बाईला सगळं कळतं अशी तिची समजूत आहे. आकडा नऊ. पालेभाज्या खा म्हटलं. समास कसा छापलाय ते बघायला कागद उलटसुलट केला आणि तळाशी नजर गेली.

एंट्री : bernadette. ५ फेब्रुवारी, सकाळी ११.१०.

बर्नडेट जाऊन सतरा दिवस झालेत.

मी मंदाला विचारलं, "हा कागद कोणी टाइप केला?"

"ती अंगठ्यावाली. माझ्यासमोर बसूनच केला. एकेक अक्षर शोधत होती बिचारी."

"नक्की तीच?"

"अगं मी काय आंधळी आहे? हिमोग्लोबिन कमी आहे माझं, डोळे नाही."

पहिल्यांदा मनात आलं, बघा, मी म्हणत होते ना, बर्नडेटने पासवर्ड दिला होता. हा विचार मला तासभर पुरला. भांडी घासताना लक्षात आलं, की ज्या बाईला स्वतःचा पासवर्ड टाइप करायचा कंटाळा, ती दुसरीचा का टाइप करेल?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी माझ्या मशीनवर विंडोज ९८ सुरू केलं. नाव विचारणारी खिडकी आली. वरच्या डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबलं. एस्केप. खिडकी गेली, मशीन मुकाट सुरू झाली. ना नाव, ना पासवर्ड.

मग प्रोग्रामने विंडोजला विचारलं, कोण बसलंय? विंडोज म्हणालं, कोणी नाही.

आणि माझी ओळ म्हणाली, कोणी नाही तर शेवटचं नाव छाप.

डॉक्टर काउंटरवर बसत नाहीत. हंसाबेन एस्केप मारते. त्या मशीनवर स्वतःचं नाव आणि पासवर्ड रीतसर टाइप करणारी एकच बाई होती. म्हणून शेवटचं नाव कायम तिचंच.

८ फेब्रुवारी, शनिवार

विंडोज ९८ हे कसलं कुलूप? एस्केपने उघडतं. डॉक्टरांनी चांगलं विंडोज घेतलं असतं तर हे झालं नसतं. हंसाबेनने पासवर्ड टाकला असता तर झालं नसतं. गावच्या डॉक्टरने तीनशे साखरेचा माणूस समोर बसलेला असताना कागद वाचला, माणूस नाही वाचला. बर्नडेटने मला कागद दाखवला असता तर मी बघितलं असतं.

नसतं बघितलं. खोटं कशाला लिहू, हे कोण वाचणार आहे?

१० फेब्रुवारी, सोमवार

लॅबमध्ये गेले. मुद्दाम सकाळी, मशीन सुरू करायच्या वेळी. डॉक्टरांना म्हटलं, जरा बघा. हंसाबेनने मशीन चालू केली आणि अंगठी वाजली.

"हंसाबेन, पासवर्ड?"

"अरे, वो कौन याद रखे? मैं तो पहले दिन से ऐसे ही करती हूँ. चलता तो है."

तिला काही लपवायचं नव्हतं. लपवण्यासारखं काही आहे हेच तिला माहीत नव्हतं. तिने माझ्यासमोर मंदाच्याच नावाचा जुना कागद पुन्हा छापला. एंट्री : bernadette. डॉक्टरांनी तो बराच वेळ धरून ठेवला. ते हुशार आहेत, मला फार सांगावं लागलं नाही. २३ डिसेंबरला दुपारी काउंटरवर कोण होतं तेही विचारावं लागलं नाही.

मला आत बोलावून दार लावलं. आज मराठीत बोलले.

"हे दुरुस्त होईल?"

"एका ओळीचं काम आहे. नाव रिकामं आलं तर रिपोर्ट छापूच द्यायचा नाही."

"मग करून टाका. झालं गेलं, बर्नडेटला दुसरीकडे मिळेल काम. आता तिला बोलवून हे सगळं सांगायचं म्हणजे त्या विठूला हंसाचं नाव द्यायचं. तुम्ही पण त्यात याल, मॅडम. तुमचं सॉफ्टवेअर. दोन शाखा आहेत, हॉस्पिटल आहे. विचार करा."

मी विचार करते म्हटलं. बाहेर आले तर हंसाबेनने माझ्यासाठी चहा आणि खाखरा ठेवला होता. मी खाल्ला. कुठल्या तोंडाने खाल्ला, माहीत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ओळ बदलली. आता पाहिजे तेवढ्या वेळा एस्केप दाबा, रिपोर्ट छापत नाही. हे सुरुवातीलाच इतकं सोपं होतं.

ह्यांना सांगितलं. वाटलं, काट्याची गोष्ट पुन्हा काढतील. नाही काढली. म्हणाले, "त्या बाईचा पत्ता आहे का?" आणि भाजी आणायला गेले. चांगुलपणाचा सुद्धा राग येतो कधी कधी.

१६ फेब्रुवारी, रविवार

उत्तनला जाऊन आले. चर्चच्या पुढे उतरून घर विचारत गेले. वासाने डोकं उठलं; बांबूच्या दांड्यांवर जिकडे-तिकडे बोंबील टांगलेले. बर्नडेट अंगणात सासूबरोबर वाळलेले काढत होती. मला बघून तिने हात धुतले नाहीत, बसा म्हणाली नाही.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. एस्केप, रिकामं नाव, ती ओळ. ती ओळ माझी, हेही. ती ऐकत होती आणि बोंबील काढतच होती. सासूने मध्येच विचारलं, "कोन हाय ही?" बर्नडेट म्हणाली, "मशीनवाली."

मग मला म्हणाली, "तुम्हाला कवा समजला?"

"सहा तारखेला."

"आज सोला." तिने एवढंच म्हटलं. मग : "पोलीस दोनवेला घरी आले. नवऱ्याला बोटीवरून बोलवावं लागलं. दोन लॅबला गेले कामाला, दोघांनी कपासीला फोन लावून विचारला. तुम्ही तिथं काय बोललेल्या, आठवतं?"

"आठवतं."

"मी अकरा वरीस तिथं रक्त काढलं. माझ्यावर कोनी इस्वास न्हाय ठेवला, मशीनवर ठेवला. ठीक हाय. पण तुम्ही तर मशीनच्या मालकीण. तुम्हाला तरी तिच्यावर इतका इस्वास कशाला पायजे होता?"

मी पत्र आणलं होतं. माझ्या कागदावर, सहीनिशी, प्रोग्राममध्ये चूक होती आणि २३ डिसेंबरच्या रिपोर्टवरचं नाव खोटं आहे असं. तिने वाचलं, पदराला हात पुसून घडी घातली. मला वाटलं, झालं. मी वळले.

"हा कागद मी पोलिसाला देईन," ती म्हणाली. "पन त्या म्हाताऱ्याला कोन सांगनार? तो घरात बसून माझाच नाव घेत असंल. तुम्ही चला. माझ्यासमोर सांगा."

मी म्हटलं, "कधी?"

"पुढच्या रविवारी. आज माला काम हाय."

१९ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरांना पत्राची प्रत रजिस्टर पोस्टाने पाठवली. त्यांचा फोन आला. ओरडले नाहीत. "आपने अच्छा नहीं किया," म्हणाले आणि ठेवला. संध्याकाळी कळलं, इंद्रलोकच्या शाखेचं काम आमच्याच बिल्डिंगीतल्या एका इंजिनियर पोराला दिलंय. एका बोटाने करील.

२३ फेब्रुवारी, रविवार

बर्नडेट काशीमीऱ्याला भेटली, रिक्षाने वरसाव्याला गेलो. बर्नडेटच्या खांद्याला एक जड पिशवी होती.

खाडीपुलाच्या अलीकडे आत वळून त्यांचं घर. विठू दारातच होता. बर्नडेटला बघून त्याचा चेहरा असा झाला, की मी पटकन पुढे झाले. सांगायला लागले. लॉगिन, विंडोज, रिकामं नाव. माझं मीच ऐकत होते आणि मलाच काही कळत नव्हतं. विठू म्हणाला, "सरळ बोला ना."

म्हटलं, "या बाईंनी तो कागद केलाच नाही. माझ्या प्रोग्रामने त्यांचं नाव खोटं छापलं. त्यांनी मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. कागद हंसाबेनने टाइप केला."

आतून आवाज आला, "येऊ दे त्यांना."

धर्माजी खाटेवर बसले होते, उजवा पाय उशीवर, पांढऱ्या पट्टीत. ते एका प्लायवूडच्या गोदामावर वॉचमन होते. आता ती नोकरी नाही. मी पुन्हा सगळं सांगितलं, यावेळी चार वाक्यांत. त्यांनी बर्नडेटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हंजे खाली नाव लिवलं ती बाय तिथं नव्हतीच."

"नव्हती."

"आन वर माझा नाव?"

मला समजलं नाही. त्यांनी विठूला कपाटातून तो कागद काढायला लावला. बोट ठेवून दाखवलं. वर छापलं होतं : धरमजी.

"मी धर्माजी. हा धरमजी कोन? मी तवाच विठूला बोललो, हा कागद माझा न्हाय. सगली हसली. डाक्टर पन हसला. बोलला, मशीनमदून आलाय."

विठूने मान खाली घातली. मी तो कागद हातात घेतला होता, वीस जानेवारीला, काउंटरवर. तळ वाचला होता. वर काय लिहिलंय ते बघितलंच नव्हतं.

विठूची आई बर्नडेटला हळूच म्हणाली, की त्या दिवसापासून हे सुई लावू देत नाहीत. हॉस्पिटलवाले दोनदा येऊन गेले, साखर किती आहे कोणालाच माहीत नाही. बर्नडेटने पिशवी उघडली. काम गेल्यापासून ती उत्तनमध्ये घरोघरी जाऊन रक्त काढते, तिची चुलतबहीण जॉय भाईंदरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, तिच्याकडे नेऊन देते.

"काका, हात द्या," ती म्हणाली.

मला वाटलं, धर्माजी आता नाही म्हणतील. त्यांनी विचारलं, "आकडा तूच लिवशील?"

"मीच लिवीन. आन मीच घेऊन येईन."

त्यांनी बाही वर केली. तिने दंडाला पट्टी बांधली, शीर बोटाने चाचपली. सुई आत गेली तेव्हा त्यांनी तोंड वळवलं नाही. बर्नडेटचे दोन्ही हात गुंतलेले होते. मान न वळवता तिने मला म्हटलं, "पिशवीत लेबल हाय, पेन हाय. नाव लिवा."

मी लेबल काढलं. प्रोग्राममध्ये ते ११८७ नंबरचे पेशंट होते, तेवढं मला पाठ आहे. खाटेजवळ खाली बसले आणि विचारलं, "पूर्ण नाव सांगा."

"धर्माजी कान्हा म्हात्रे."

लिहिलं. वाचून दाखवलं. त्यांनी मोकळ्या हाताने लेबल डोळ्यांजवळ घेतलं. सातवी पास आहेत म्हणे.

"जीला दुसरी वेलांटी," ते म्हणाले.

मी पाहिलं. पहिली काढली होती. बर्नडेटने पिशवी पायाने माझ्याकडे सरकवली. मी त्यातून दुसरं लेबल काढलं.